किशनरावांचा चौदा-पंधराचा पाना

१

रविवारी दुकान बंद ठेवून हरिओम काय करतो, हे अख्ख्या कोहिनूर गावाला ठाऊक होतं. सकाळी चहा प्यायचा, जुनी अर्धी चड्डी चढवायची आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन धडधाकट गाडी खोलून बसायचं. गाडी म्हणजे पांढरी मारुती, पंधरा वर्षं वापरलेली. तिला काही झालेलं असो नसो, ह्याला काहीतरी ऐकू यायचंच. "डाव्या चाकात आवाज यायलाय," म्हणायचा आणि उजव्या चाकापासून सुरुवात करायचा. खत-बियाणं विकणाऱ्याला हा नाद कुठून लागला, देव जाणे. कुणाला पत्ते लागतात, कुणाला भजन, ह्याला नट-बोल्टचे पाने लागले होते.

आणि अवजारं तरी किती म्हणाल. भिंतीवर प्लायवूडची फळी ठोकलेली, तिच्यावर प्रत्येक अवजाराचा आकार निळ्या रंगानं काढलेला, म्हणजे पक्कड कुठं अन् पेचकस कुठं, डोळे मिटून घावावं. एकशे आठ नगांचा गोटीपान्यांचा डबा. बॅटरीवर चालणारी नट सोडवायची बंदूक, जी घर्र करून चाक मोकळं करायची. किती जोर लावला ते काट्यावर दाखवणारा लांब पाना, तो तर मखमलीच्या पेटीत. कुठलं हैदराबादहून आणलेलं, कुठलं लातूरहून, कुठलं पार्सलनं आलेलं. रोज संध्याकाळी दुकानातून आला की हा एकेक उचलून फडक्यानं पुसायचा. त्याची बायको अंजू म्हणायची, "माज्या भांड्याला एवडं पुसलं असतं तर."

एवढं सगळं होतं, पण हाताला गुण नव्हता. खोटं कशाला बोला. नट सोडवायला गेला की आटे मरायचे, बोल्ट फिरवायला गेला की मुंडकं तुटून हातात यायचं. तीन-तीन तास घाम गाळून हा अंगणात आला की अंजू दारातूनच, भाजी कोणती करू असं विचारावं तितक्या सहज विचारायची, "किशनअप्पाला बोलवू का?"

बिचारीच्या मनात काही नसायचं. पण ते ऐकलं की हरिओमच्या पोटात आग पडायची, आणि ती रात्री जेवणानंही विझायची नाही.

२

किशनराव तीन घरं पलीकडे राहायचे. उभा जन्म सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर लॉऱ्या चालवण्यात आणि रस्त्यातच दुरुस्त करण्यात गेलेला. आता सत्तरी गाठली होती. त्यांची अवजारं एका पोत्यात मावायची, मोजून अकरा. त्यातला एक रिंगपाना होता, एका टोकाला चौदा नंबर, दुसऱ्याला पंधरा. काळा पडलेला, आणि मधोमध अंगठा टेकून टेकून लोखंडाला खळगा पडलेला.

किशनराव यायचे, बॉनेटला कान लावायचे, "हं" म्हणायचे आणि तो पाना आत घालायचे. कट् असा आवाज यायचा. जे हरिओमच्या एकशे आठ नगांना जमलं नव्हतं ते झालेलं असायचं. हरिओम शेजारी टॉर्च धरून उभा. आणि अंजू पाहुण्यांच्या पेल्यात आलं घालून चहा आणायची, म्हाताऱ्याच्या हाताकडं बघत म्हणायची, "अप्पा, तुमच्या हातात काय हाय ओ?" तशा नजरेनं तिनं आपल्याकडं एकदा बघावं, एकदाच, एवढंच हरिओमला पाहिजे होतं. बारा वर्षांच्या संसारात तिनं तसं बघितलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता हो, पण जळत होता.

श्राद्धाच्या पंधरवड्यात त्यानं तो पाना दोन दिवसांसाठी मागून आणला. दोनाचे दहा झाले.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच असेल. खंडेनवमीला ज्याचं हत्यार त्याच्याच घरी पूजेला बसलं पाहिजे. म्हणून आदल्या दिवशी गावात नुसती ये-जा चालते. ह्याची कुऱ्हाड त्याच्याकडं, त्याचा विळा ह्याच्याकडं, भांडणं असली तरी हत्यार घरी पोचतं. त्या दिवशी सकाळी किशनराव स्वतःच हरिओमच्या दारात आले.

"हरिओम, माजा चौदा-पंधरा तुज्याकडं हाय न्हवं?"

"न्हाई अप्पा. म्या परवाच दिला की. तुमी नव्हता, पोत्यात टाकून आलो."

"पोत्यात न्हाई रं."

"मग मल्लप्पानं नेला असंल. त्याचं ट्रॅक्टर बंद हाय."

किशनराव माघारी वळले. "उद्या नवमी हाय," एवढं म्हणाले आणि गेले. पाना त्या वेळी हरिओमच्या खिशातच होता. मांडीला त्याचा गारवा लागत होता.

नवमीला शेडमध्ये चटई अंथरून अवजारं मांडली. अंजूनं हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. काळ्या पान्यापाशी ती थबकली.

"ह्यो अप्पाचा न्हवं?"

"तसलाच हाय. उदगीरच्या भंगारात मिळाला."

तिनं त्यालाही कुंकू लावलं. मग हरिओमनं नेहमीप्रमाणं अवजारांवर हात टेकून 'माज्या हाताला गुण दे' म्हटलं. हात टेकायला एकशे आठ होते, पण तो टेकला ह्या एकावर.

तिकडं किशनरावांच्या बायकोनं, राजूबाईनं, दुसऱ्या दिवशी नळावर अंजूला सांगितलं, "दहाच मांडले बघ ह्यांनी. मदी एक जागा मोकळी सोडली, आन् त्या मोकळ्या जागंला कुंकू लावलं."

३

दसरा झाला. पुढच्या रविवारी हरिओमनं गाडी खोलली. इंजिनाच्या पाठीमागं, जिथं नजर पोचत नाही आणि हात पोचला तरी बोटं सोलून निघतात, अशा जागी एक बोल्ट होता. दोन वर्षं त्याला छळत होता. ह्यानं काळा पाना घेतला. अंगठा त्या खळग्यात बरोबर बसला.

हात आत गेला. शोधाशोध नाही, चाचपणं नाही. कट्.

हरिओम तसाच वाकून उभा राहिला. आनंद झाला, खूप झाला. मग लक्षात आलं की सुटला तो भलताच बोल्ट होता, त्याच्याही पलीकडचा. खोलून बघतो तर खरा बिघाड तिथंच होता, पट्टी तुटायला आली होती. हे हरिओमला ठाऊक नव्हतं. हाताला ठाऊक होतं.

सवय म्हणतात ती हीच, त्यानं स्वतःला समजावलं. बारा वर्षं दर रविवारी माणूस खपतो, कधीतरी हातात बसणारच. विचार सरळ होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. तरी जेवताना तो आपल्या उजव्या हाताकडं दोनदा बघून राहिला.

"किशनअप्पाच्या हातनं आज पेला पडला म्हनं," अंजू वाढता वाढता म्हणाली. "राजूअक्का सांगत होती. बोटं वळंनात."

"वय झालं आता त्यांचं."

बोलताना त्याला पोटात गार वाटलं. लाज वाटायला पाहिजे होती, ती वाटली नाही.

४

कार्तिक लागेपर्यंत गाव हरिओमच्या शेडकडं वळलं. मल्लप्पाचं ट्रॅक्टर आलं, मास्तरांची स्कूटर आली. किशनरावांचं नाव कुणी काढेना. आणि अंजू, जी पूर्वी शेडमध्ये पाय ठेवत नव्हती, ती आता पालथं क्रेट घेऊन बसायला लागली. बारा-तेराचा दे म्हटलं की बारा-तेराच द्यायची. एकदा म्हणाली, "आता तुमच्या हाताकडं बघतच बसावं वाटायलंय."

दुसरा कुणी असता तर फुलून गेला असता. हरिओमच्या मनात काटा मोडला. हाताकडं म्हणाली ती. तुमच्याकडं म्हणाली नाही. मग कामात असताना तो तिच्या नजरेवर नजर ठेवायला लागला. ती कधी तोंडाकडं बघते का ते बघायचा. ती बघायची नाही. स्वतःच्याच हातावर माणूस जळू शकतो हे त्याला कुणी आधी सांगितलं असतं तर तो हसला असता.

ह्याच दिवसांत एक बारीकशी गोष्ट त्याच्या ध्यानात आली. दसऱ्यापासून त्यानं अवजारं पुसली नव्हती. काम एवढं वाढलं होतं की काळा पाना सोडला तर फळीकडं तो ढुंकूनही बघत नसे. पण अवजारं रोज लखलखीत असायची. वंगणाचा एक डाग नाही.

"तू पुसतीस व्हय गं अवजारं?"

"म्या कामून पुसू? तुमीच तर पुसायलात रोज. दुपारचं."

"दुपारी मी दुकानात असतो."

"मग म्या काय आंधळी हाय?" ती कणीक मळत होती, मान वर न करता बोलत होती. "काल हाक मारली, चहा देऊ का म्हनून. बोलला न्हाईत. फडकं हातात धरून दारात हुबं. आधी फळीकडं बघितलं, मग माज्याकडं. उगं तोंड पाडून."

ती थट्टा करत असेल असं त्यानं ठरवलं. नाहीतर मल्लप्पा असेल, अंगकाठी तशीच आहे, लांबून फसायला होतं. दुसऱ्या दिवशी बाराच्या उन्हात तो दुकान अर्धवट लावून घरी आला. अंजू शेजारी गेली होती. मोरीत पाय धुताना त्याला शेडमधून आवाज आला. ठोकाठोक नव्हती, गुरगुर नव्हती. लोखंडावर कापड फिरत होतं. एक फिरवून झालं की ठेवल्याचा टक् आवाज, मग दुसरं. घाई नव्हती. पत्रा उन्हानं तापला की वाजतो, हे तो स्वतःच लोकांना सांगत आला होता. पत्रा असा वाजत नाही.

तो शेडच्या दारात गेला तेव्हा आत कुणी नव्हतं. फळीवर सगळं जागच्या जागी होतं. पुसायचं फडकं खुंटीवर हळूहळू झुलत होतं, आणि बाहेर झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. अर्धा तास तो अंगणात बसून राहिला. मग दुकानात गेला.

५

त्याच आठवड्यात तो किशनरावांकडं गेला. पाना खिशात घातला होता. जाताना मनाशी पक्कं केलं होतं की देऊन टाकायचा, काय म्हणायचं ते म्हणू देत.

किशनराव ओट्यावर बसले होते. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला होता. राजूबाई त्यांना भाकरी कुस्करून भरवत होती. हरिओमला बघून ती ताट घेऊन आत गेली.

"आलास?" किशनराव म्हणाले. "आज तरी बोलनार हायस का?"

"म्हंजी?"

"रोज दुपारी येऊन पायरीवर बसतूस. माज्या हाताकडं बघतूस. हाक मारली तर ओ देत न्हाईस. राजूबाई चहा ठिवती, त्यो तसाच गार होतुय."

"अप्पा, मी न्हाई. मी दुकानात असतो."

"मग ते कोन म्हनावं? तोंड तर तुजंच." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "एक लेकरू खाऊ खातंय आन् दुसरं बघत बसलंय, तसलं तोंड. म्या लई वर्सं वळखतो ते. माज्या शेजारी टार्च धरून हुबं राह्यचास तवाचं हाय ते."

हरिओमची नजर खाली गेली. पायरीवर उन्हात एक पेला होता, चहावर साय धरलेली.

"आजबी आलता?" त्यानं विचारलं.

"न्हाई. चार दिस झालं, यायचा बंद झालाय. राजूबाई सवयीनं चहा ठिवती." किशनरावांनी डाव्या हातानं उजवा उचलून नीट मांडीवर ठेवला. "आता माज्या हातात बघन्यासारखं काय राह्यलंय?"

खिशात हरिओमची बोटं पान्यावर होती. काढायचा आणि त्या मांडीवर ठेवायचा, एवढंच करायचं होतं. मग उद्यापासून पुन्हा आटे मरणार, पुन्हा मुंडकी तुटणार. अंजू क्रेट उचलून ठेवणार आणि दारातून विचारणार, किशनअप्पाला बोलवू का. तिचा तो सहज आवाज त्याला तिथं ओट्यावर बसूनच ऐकू आला. त्यानं हात खिशातून रिकामा काढला.

"येतो अप्पा."

"हरिओम, पाना घावला का रं?"

"न्हाई," तो म्हणाला, आणि मागं न बघता घरी आला.

६

रविवार होता. ऊन डोक्यावर आलं होतं. गिअरपेटीतून तेल ठिबकत होतं, म्हणून त्यानं गाडीचं तोंड जॅकवर उचललं आणि पाठीवर झोपून खाली सरकला. पूर्वी तो जॅकशेजारी लाकडाचे दोन ठोकळे लावल्याशिवाय गाडीखाली बोटसुद्धा घालत नसे, अंजू त्याला भित्रा म्हणून चिडवायची. आताच्या हाताला तेवढा धीर नव्हता. जॅक चढला की हात कामाला लागायचा.

खालून त्याला अंजूचे पाय दिसत होते, जोडवी घातलेले, आणि लुगड्याचा काठ. ती क्रेटवर बसून कुठल्याशा लग्नातली गंमत सांगत होती, नवरदेवाच्या चुलत्यानं भलत्याच मांडवात जाऊन आहेर दिल्याची. सांगता सांगता स्वतःच हसत होती. हात वर चालला होता. बोल्ट एकामागून एक सुटत होते. खूप दिवसांनी हरिओमला बरं वाटलं. हात काय नि तोंड काय, हसतेय तर आपल्यापाशीच ना, असं त्याच्या मनात आलं.

मग त्यानं मान वळवली आणि शेडच्या दारात आणखी दोन पाय दिसले.

मल्लप्पा आला असेल. पण त्या पायांत त्याच्या स्वतःच्या दुकानात घालायच्या चपला होत्या.

"कोन आलंय गं?"

"कुटं? कुनी न्हाई," अंजू म्हणाली आणि तिची गोष्ट पुढं चालू झाली.

पाय हलले नाहीत. एका पायावर भार दिलेला, दुसऱ्याचा अंगठा मातीत घोळत होता. असं कोण उभं राहतं हे हरिओमला कुणी सांगायला नको होतं. तो वर्षानुवर्षं असाच उभा राहिला होता, दुसऱ्याचं कौतुक ऐकत. त्या पायांच्या वर पोटात काय चाललं असेल, तेही त्याला नीट ठाऊक होतं. कुणाचंच मन त्याला कधी इतकं स्वच्छ कळलं नव्हतं.

"संपली गोष्ट," अंजू हसत म्हणाली. "तुमचं संपलं का? खरं सांगू का, ह्या हाताला सोन्याचं कडं करावं वाटतंय मला."

अंगठा मातीत घोळायचा थांबला.

पाय चालत आत आले. अंजूनं आपले पाय जरा बाजूला घेतले, घरचं माणूस जवळून गेलं की आपण न बघता घेतो तसे, आणि तिथंच बसून राहिली. पाय जॅकपाशी आले. गुडघे वाकले. एक हात खाली आला आणि जॅक उतरवायचा दांडा चाचपायला लागला. एकदा चुकला, परत चुकला.

'अरे, मी हाय खाली,' असं हरिओम ओरडणार होता. ओठापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. कोण खाली आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच तर तो आला होता.

मग त्याला पान्याची आठवण झाली. देऊन टाकावा. आत्ता, ह्याला, कुणालाही. "घे," तो कसाबसा म्हणाला, "घे, घेऊन जा," आणि पाना त्या पायांकडं सरकवायला गेला. उजवा हात खाली येईना. वर अंधारात तो आपल्या कामात होता, न थांबता, न घाबरता, अंगठा खळग्यात घट्ट बसवून. डाव्या हातानं त्यानं त्याची बोटं उलगडायला घेतली. एकही उघडलं नाही.

जॅकमधून फुस्स असा बारीक आवाज सुरू झाला.

"अहो," अंजू म्हणाली, तिच्या आवाजात अजून हसू होतं, "गाडी खाली यायलीय का?"